उबंटू २४.०४: डेव्हलपरच्या रोजच्या कामात नक्की काय बदललं? २२.०४ सोडावं का?

मोकळी_खिडकी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज जमलं. आमची टीम बारा जणांची, सगळ्यांच्या मशीनवर उबंटू २२.०४ (लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम, आकडा म्हणजे रिलीजचं वर्ष आणि महिना) आणि बिल्ड सर्व्हर, म्हणजे कोड बांधणारं मशीन, अजून २०.०४ वरच. २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, त्यामुळे सर्व्हर तर हलवावाच लागणार. मग त्याच्याबरोबर सगळ्यांनीच २४.०४ वर जावं, की २२.०४ ला २०२७ पर्यंत सपोर्ट आहे म्हणून निवांत बसावं?

रिलीज नोट्स वाचून काढल्या. कर्नल ६.८, ग्नोम ४६, पायथन ३.१२, जीसीसी १३, जावा २१, पीएचपी ८.३. आकडे वाचून माझ्या डोक्यात काहीच प्रकाश पडत नाही हो, आकडे दर वेळी वाढतातच. मला हे कळून घ्यायचंय की सकाळी मशीन उघडल्यापासून संध्याकाळी बंद करेपर्यंत माझ्या कामात काय बदललं, काय मोडलं आणि जे मोडलं ते मोडायलाच हवं होतं का. आम्ही मुख्यतः पायथन, थोडं सी प्लस प्लस, बाकी सगळा कारभार कंटेनरमध्ये, म्हणजे अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या वेगळ्या डब्यात. वापरणाऱ्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

पाचवी_टॅब

पहिला धक्का पिपचा, म्हणजे पायथनची पॅकेजेस टाकणाऱ्या टूलचा बसेल. नवीन मशीनवर सवयीने पिप इन्स्टॉल टाइप कराल आणि समोर एक लांबलचक एरर येईल की हे एन्व्हायर्नमेंट एक्स्टर्नली मॅनेज्ड आहे, म्हणजे सिस्टिमचं पायथन अ‍ॅप्टच्या (उबंटूचा पॅकेज मॅनेजर) ताब्यात आहे, तुम्ही त्यात हात घालू नका. हे पेप ६६८ मुळे (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलांचे अधिकृत प्रस्ताव). पायथनच्या लायब्ररी फोल्डरमध्ये एक्स्टर्नली मॅनेज्ड नावाची छोटीशी फाइल ठेवलेली असते, पिप ती बघतो आणि थांबतो. २३.०४ पासूनच आहे, पण तुम्ही एका एलटीएसवरून (लांब मुदतीचा सपोर्ट असलेली आवृत्ती) दुसऱ्या एलटीएसवर उडी मारणार म्हणून तुम्हाला नवीन.

उपाय सोपा आहे, प्रोजेक्टसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (व्हीएन्व्ह, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरती वेगळी पायथनची जागा), कमांडलाइन टूल्ससाठी पिपेक्स, जे दर टूलला असं वेगळं व्हीएन्व्ह देतं. एका आठवड्यात हाताला सवय होते.

घाईत_आहे

एवढं कशाला. ब्रेक सिस्टिम पॅकेजेस हा फ्लॅग लावा, पूर्वीसारखं चालतं. आम्ही सगळीकडे तोच लावलाय.

पाचवी_टॅब

@घाईत_आहे, त्या फ्लॅगचं नावच बघा ना, सिस्टिमची पॅकेजेस मोडा असं स्वतः लिहून देताय तुम्ही. कंटेनरमध्ये लावलात तर एक वेळ ठीक, तिथे सिस्टिम म्हणजे तुमचंच अ‍ॅप. पण रोजच्या मशीनवर नको. २२.०४ वर आमच्या एका सहकाऱ्याने सुडो पिपने, म्हणजे पिप रूटच्या (अ‍ॅडमिनच्या) अधिकाराने चालवून, क्रिप्टोग्राफी लायब्ररी वर नेली, पायओपनएसएसएल मात्र अ‍ॅप्टचीच जुनी राहिली, आणि पायओपनएसएसएलला जे नाव त्या लायब्ररीत सापडायला हवं होतं ते नव्या आवृत्तीतून गेलेलं. झालं, ती इम्पोर्ट करणारं प्रत्येक टूल पहिल्याच ओळीत कोसळायला लागलं, पिप स्वतःसुद्धा! म्हणजे ज्याने दुरुस्त करायचं तोच आजारी. अख्खी दुपार गेली. तेव्हा सिस्टिमने अडवलं असतं तर आमची दुपार वाचली असती, म्हणून हा बदल मला मनापासून आवडतो.

जुना_कळफलक

पायथनवरून आठवलं, पिपपेक्षा मोठं काम पायथन ३.१२ चं आहे. डिस्ट्युटिल्स, म्हणजे पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूल, पूर्ण काढलंय. इम्प मॉड्यूलही गेलं. आणि व्हीएन्व्ह बनवलं की त्यात पूर्वी सेटअपटूल्स आपोआप यायचं ते आता येत नाही, त्यामुळे जी जुनी पॅकेजेस न सांगता त्याच्यावर विसंबून होती ती नो मॉड्यूल नेम्ड पीकेजी रिसोर्सेस म्हणून रडतात. तुम्ही २२.०४ वरून येताय म्हणजे ३.१० वरून ३.१२. अपग्रेडच्या आधी सगळ्या रेपॉझिटरीत डिस्ट्युटिल्स हा शब्द ग्रेप करून (शोधून) बघा. आमच्याकडे जास्त करून सेटअप फाइल्समध्ये आणि व्हर्जन नंबरची तुलना करणाऱ्या एका कोपऱ्यातल्या फंक्शनमध्ये निघाला, जे कोणी लिहिलं होतं ते कोणालाच आठवत नव्हतं.

बाकी ३.१२ चे एरर मेसेज मात्र फार छान झालेत. इम्पोर्ट करायला विसरलात तर इम्पोर्ट विसरलात का असं विचारतो.

कंटेनरवेडा

कंटेनरचा विषय आला म्हणून लिहितो, कारण माझा खरा वेळ तिथेच गेला. डॉकरफाइलमध्ये (कंटेनर कसा बांधायचा ते लिहिलेली फाइल) फ्रॉम उबंटू २२.०४ होतं ते २४.०४ केलं, एका आकड्याचा बदल, आणि बिल्ड तीन ठिकाणी लाल.

पहिलं म्हणजे, आम्ही यूझरअ‍ॅडने यूआयडी (यूझरचा नंबर) १००० चा यूझर बनवतो, म्हणजे बाहेरच्या फोल्डरच्या परवानग्या जुळतात. तर म्हणे यूआयडी १००० युनिक नाही. आधी वाटलं आमचीच ओळ दोनदा चालतेय. पासवर्ड फाइल उघडून बघितली तर शेवटच्या ओळीत उबंटू नावाचा यूझर आधीच बसलेला, १००० नंबर घेऊन. नव्या इमेजमध्ये तो तयारच येतो. एकतर तोच वापरा नाहीतर यूझरडेलने आधी काढा. आम्ही काढतो.

दुसरं, लिबअसाउंड२ हे पॅकेज. हेडलेस, म्हणजे खिडकी न उघडता चालणाऱ्या ब्राउझरच्या टेस्टसाठी लागतं. अ‍ॅप्ट म्हणालं की या नावाला इन्स्टॉलेशन कँडिडेट नाही. नाव बदलून लिबअसाउंड२टी६४ झालंय. तसंच लिबफ्यूज२ चं लिबफ्यूज२टी६४, लिबएसएसएल३ चं लिबएसएसएल३टी६४. जुन्या नावाने मागितलं तरी बहुतेक ठिकाणी नवीन पॅकेज पुढे येतं, कारण ते जुन्या नावाची जबाबदारी घेतं, पण लिबअसाउंडच्या बाबतीत दोन पॅकेजेस ते नाव सांगतात म्हणून अ‍ॅप्ट स्वतःहून निवडत नाही.

तिसरं सगळ्यात वाईट, कारण त्यात एररच आली नाही. आम्ही सोर्सेस डॉट लिस्ट या फाइलवर सेड (मजकूर बदलणारी कमांड) चालवून आमच्या आतल्या मिररचा, म्हणजे पॅकेजेसची प्रत ठेवणाऱ्या आमच्याच सर्व्हरचा, पत्ता टाकायचो. २४.०४ मध्ये रेपोंची, म्हणजे पॅकेजेस जिथून उतरतात त्या साठ्यांची, माहिती त्या फाइलीत नाहीच, ती सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी फोल्डरमधल्या उबंटू डॉट सोर्सेसमध्ये गेलीये, नव्या डेब८२२ पद्धतीने, टाइप्स, यूआरआयज, सूट्स, कंपोनंट्स, साइन्ड बाय अशा वेगवेगळ्या ओळी. जुनी फाइल आहे पण तिच्यात नुसती माहिती इकडे हलवलीये अशी टीप. सेडला बदलण्यासारखं काही सापडलं नाही, तो शून्य परत करून शांतपणे पुढे गेला, आणि आमचे बिल्ड कित्येक दिवस मिरर सोडून बाहेरूनच सगळं उतरवत होते. कोणाच्या लक्षातही आलं नाही. बिल्ड हळू का झाले म्हणून बघायला गेलो तेव्हा कळलं. तेव्हा सेड लिहिला असेल तर त्याच्यामागे ग्रेप लावा आणि पत्ता खरंच बदलला का तपासा, नसेल तर बिल्ड तिथेच पाडा.

अर्धविराम

वाचनखूण साठवली. यूआयडीवाल्या मुद्द्यावर मी परवाच दोन तास घालवले आहेत, धागा आधी आला असता तर!

प्रश्नचिन्ह

शंका: हे टी६४ काय प्रकरण आहे? माझं मशीन ६४ बिटच आहे, नवीन काय ६४ केलं?

कर्नलवेडी

@प्रश्नचिन्ह, चांगला प्रश्न. टी म्हणजे टाइम_टी, सी मधला वेळ साठवायचा टाइप. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते त्यात असतं. ३२ बिट सिस्टिमवर तो ३२ बिटचा आणि चिन्हासह, म्हणजे जास्तीत जास्त २,१४७,४८३,६४७. तो आकडा १९ जानेवारी २०३८ ला यूटीसी ०३:१४:०७ ला भरतो, आणि पुढच्या सेकंदाला घड्याळ एकदम १९०१ सालात जाऊन पडतं.

तुमच्या एएमडी६४ (नेहमीच्या ६४ बिट) मशीनवर तो आधीपासून ६४ बिटच आहे, तिथे आतून काही बदललं नाही. बदललं ते आर्मएचएफवर, म्हणजे ३२ बिट आर्म, जी छोट्या बोर्डांत आणि यंत्रांत बसते आणि २०३८ मध्येही चालू असू शकते. तिथे टाइम_टी मोठा केला की स्ट्रक्चरचे आकार बदलतात, जुन्या लायब्ररीवर कंपाइल केलेला प्रोग्राम नव्या लायब्ररीशी बोलायला गेला की चुकीच्या जागचे बाइट वाचतो. म्हणून ज्या ज्या लायब्ररीच्या बाहेरच्या चेहऱ्यावर टाइम_टी दिसतो तिचं पॅकेजचं नावच बदललं, म्हणजे जुनं नवं एकत्र नांदूच शकणार नाही. आणि पॅकेजचं नाव सगळ्या आर्किटेक्चरला एकच ठेवलंय, त्यामुळे तुमच्याकडे काही न बदलताही नाव बदललेलं दिसतं. डेबियन आणि उबंटूने मिळून केलेलं हे काम आहे आणि मला विचाराल तर या रिलीजमधलं सगळ्यात जबाबदारीचं. चौदा वर्षं आधी, कोणी मागितलं नसताना, हजारो पॅकेजेस पुन्हा बांधली.

आय३८६ ला, म्हणजे ३२ बिट इंटेलला, मात्र हात लावला नाही, तिथे जुनी बायनरी चालत राहावीत हाच उद्देश आहे.

अर्धविराम

१९ जानेवारी २०३८ मंगळवार आहे, आत्ताच कॅलेंडर बघितलं. ऑन-कॉलची पाळी लावणाऱ्यांनी लिहून ठेवा.

सायलेंट_वाचक

अवांतर: या रिलीजचं टोपणनाव नोबल नम्बॅट. नम्बॅट हा ऑस्ट्रेलियातला पट्ट्यापट्ट्यांचा छोटा प्राणी, फक्त वाळवी खाऊन जगतो. बग खाणाऱ्याचं नाव ठेवलंय, शोभतं :)

रात्रपाळी

सर्व्हरवाल्यांसाठी एक. एसएसएचचं (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) पोर्ट बदलणार असाल तर नीट वाचा. २२.१० पासून उबंटूत एसएसएच सॉकेट अ‍ॅक्टिव्हेशनवर चालतं, म्हणजे पोर्ट धरून बसतो सिस्टिमडी (सगळ्या सेवा चालू-बंद करणारा प्रोग्राम), आणि पहिलं कनेक्शन आलं की एसएसएचडी उठतो. २४.०४ मध्ये एसएसएचडी कॉन्फिगमधला पोर्ट वाचून सॉकेटची सेटिंग आपोआप तयार होते, पण ती तयार होते सिस्टिमडीने डीमन रीलोड केल्यावर. मी काय केलं, कॉन्फिगमध्ये पोर्ट बदलला, नुसतं एसएसएच रीस्टार्ट केलं, फायरवॉलमध्ये २२ बंद केलं आणि बाहेर पडलो. सॉकेट अजून २२ वरच बसलेलं होतं, नवीन पोर्टवर कोणीच नाही. आत जायला कन्सोल होता म्हणून निभावलं.

बरोबर क्रम असा की आधी डीमन रीलोड, मग एसएसएच डॉट सॉकेट रीस्टार्ट, मग एसएस या कमांडने ऐकणारे पोर्ट बघायचे, दुसऱ्या खिडकीतून नव्या पोर्टने आत जाऊन दाखवायचं, आणि त्यानंतरच फायरवॉलला हात. पहिलं सेशन शेवटपर्यंत बंद करायचं नाही.

घाईत_आहे

मला सगळ्यात त्रास झाला तो उबंटूच्या सुरक्षा यंत्रणेचा, म्हणजे अ‍ॅपआर्मरचा. एक एडिटर अ‍ॅपइमेज (इन्स्टॉल न करता थेट चालणारी फाइल) म्हणून वापरतो, २४.०४ वर डबल क्लिक केलं की काहीच नाही. टर्मिनलमधून चालवलं तर सँडबॉक्स हेल्पर नीट कॉन्फिगर नाही म्हणून मेसेज. शोधलं तर कारण निघालं की साध्या यूझरला यूझर नेमस्पेस आता मोकळेपणाने बनवता येत नाही. मी सिसकंट्रोलने (कर्नलच्या सेटिंग्ज बदलणारी कमांड) ते बंधनच शून्य केलं, प्रश्न संपला. डेव्हलपरच्या मशीनवर असली बंधनं हवीत कशाला?

कर्नलवेडी

@घाईत_आहे, थांबा थांबा. हे बंधन का आलं ते बघा. यूझर नेमस्पेस बनवला की त्याच्या आत साधा यूझर स्वतःला रूट म्हणवून घेतो. बाहेर त्याला काही अधिकार नाहीत, पण आत राहून तो कर्नलच्या अशा भागांशी बोलू शकतो जिथे एरवी फक्त रूट पोचतो, उदाहरणार्थ एनएफटेबल्स, म्हणजे कर्नलमधली फायरवॉल. तिथे चूक असेल तर सरळ खरा रूट. सीव्हीई २०२४-१०८६ या नंबरची सुरक्षात्रुटी आठवा, एनएफटेबल्समधलाच यूज आफ्टर फ्री (सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरायची चूक), साधा यूझर नेमस्पेसमधून तिथे पोचायचा. डेव्हलपरच्या मशीनवर तर उलट जास्त हवं, कारण आपण दिवसभर अनोळखी लोकांची पॅकेजेस उतरवून चालवत असतो आणि आपल्याच मशीनवर सगळ्या किल्ल्या असतात.

दार सताड उघडण्यापेक्षा त्या एका अ‍ॅपला किल्ली द्या. ईटीसीमधल्या अ‍ॅपआर्मर डॉट डी मध्ये एक छोटी फाइल, त्यात एबीआय ४.० ची ओळ, प्रोफाइलचं नाव, अ‍ॅपचा पूर्ण पाथ, फ्लॅग अनकन्फाइन्ड, आणि महिरपी कंसात एकच शब्द, यूझरएनएस, आणि त्याच्यापुढे स्वल्पविराम. तो स्वल्पविराम विसरू नका, विसरलात तर पार्सर सिंटॅक्स एरर देतो आणि आपण उगाच पाथ तपासत बसतो. मग अ‍ॅपआर्मर पार्सरला आर फ्लॅग देऊन ती फाइल लोड करायची. पाच ओळींचं काम.

घाईत_आहे

तुमचं म्हणणं तत्त्वाने पटतं, पण मार्च २०२५ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने याच बंधनाला तीन पळवाटा दाखवल्या ना? एएएक्झेक, बिझीबॉक्स आणि तिसरी नॉटिलसमध्ये लायब्ररी प्रीलोड करून. मग कुंपणाचा उपयोग काय?

कर्नलवेडी

दाखवल्या, खरं आहे. त्या कशामुळे चालल्या तेही बघा, काही प्रोग्राम्सना नेमस्पेस बनवायची मोकळीक देणारी प्रोफाइल्स आधीच सिस्टिममध्ये होती आणि हल्लेखोर त्यांच्या अंगावरून आत जात होता. एएएक्झेकची वाट बंद करायला अनप्रिव्हिलेज्ड अनकन्फाइन्डवर बंधन घालणारी वेगळी सिसकंट्रोल सेटिंग आहे, ती १ करा. बिझीबॉक्स आणि नॉटिलसची ती सैल प्रोफाइल्स नको असतील तर बंद करता येतात. कुंपणाला तीन भोकं सापडली तर ती बुजवायची. कुंपण काढलं तर चौथं भोक शोधायची कोणाला गरजच उरत नाही.

पाचवी_टॅब

कर्नलवेडी ताईंना +१. आणि अ‍ॅपला नो सँडबॉक्स फ्लॅग लावून चालवणं हा तर सगळ्यात वाईट उपाय, कारण तेव्हा अ‍ॅपचं स्वतःचं संरक्षणही जातं. तो सल्ला जागोजागी दिसतो म्हणून मुद्दाम लिहिलं.

ज्वाळाचित्र

माझ्या मते या रिलीजमधला डेव्हलपरसाठीचा सगळ्यात मोठा बदल अजून कोणी लिहिलाच नाही. फ्रेम पॉइंटर!

२४.०४ मध्ये ६४ बिटवरची पॅकेजेस फ्रेम पॉइंटर ठेवून कंपाइल केलेली आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रोफायलर सेकंदाला अनेकदा सीपीयूला थांबवून विचारतो, आत्ता कुठल्या फंक्शनमध्ये आहेस? ते लगेच कळतं. पण त्याला कोणी बोलावलं, आणि त्या बोलावणाऱ्याला कोणी, ही साखळी शोधायची तर प्रत्येक फंक्शनने आपल्या आधीच्या फ्रेमचा पत्ता ठेवलेला असावा लागतो. आरबीपी रजिस्टर त्याच कामाला. कंपायलर ऑप्टिमाइझ करताना ते रजिस्टर दुसऱ्या कामाला लावतो आणि साखळी तुटते. मग पर्फला (लिनक्सचा प्रोफायलर) ड्वार्फ पद्धतीने जावं लागतं, म्हणजे दर सॅम्पलला स्टॅकचा तुकडा, डिफॉल्ट ८ केबी, उचलून फाइलमध्ये ठेवायचा आणि नंतर उलगडायचा. फाइल फुगते, मशीन दमतं, आणि चालू प्रॉडक्शनवर हे करायची छाती होत नाही.

पूर्वी आमच्या फ्लेम ग्राफमध्ये, म्हणजे कुठल्या फंक्शनमध्ये किती वेळ गेला ते रुंदीने दाखवणाऱ्या चित्रात, आमची फंक्शन्स नीट दिसायची, पण जिथे सिस्टिमच्या लायब्ररीत शिरलं तिथे अननोनचे ठोकळे, तळाशी वेगळेच पडलेले, कोणाचेच नसल्यासारखे. आता तेच टॉवर मेनपासून वर टोकापर्यंत सलग उभे राहतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खुर्चीतून उठून शेजारच्याला बोलावलं होतं.

कंटेनरवेडा

@ज्वाळाचित्र, पण हे फुकट नाही ना? १६ रजिस्टरांतलं एक गेलं. १ ते २ टक्के वेग जातो असं सांगतात. आम्ही बॅच कामं चालवतो, तिथे २ टक्के म्हणजे खरे पैसे. ज्याला प्रोफाइल करायचं त्याने स्वतः कंपाइल करून घ्यावं, सगळ्यांनी भार का उचलायचा?

ज्वाळाचित्र

प्रश्न रास्त आहे आणि फेडोराने ३८ मध्ये २०२३ साली हेच केलं तेव्हाही याच मुद्द्यावर बरंच घमासान झालं होतं. माझं उत्तर असं की स्वतः कंपाइल करून घेईन म्हणणारा माणूस ते कधीच करत नाही. प्रॉडक्शनवर अडचण येते तेव्हा त्या क्षणी चालू असलेली लायब्ररी हीच तपासायची असते, उद्या वेगळी बांधून आणलेली नाही. आणि एकदा सलग चित्र दिसलं की जी एक वेडीवाकडी गोष्ट सापडते ती २ टक्क्यांच्या कितीतरी पट परत देते. मी हे तीन प्रोजेक्टवर अनुभवलंय.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हे डिस्ट्रोच्या पॅकेजेसपुरतं, तुमचं स्वतःचं सी प्लस प्लस नो ओमिट फ्रेम पॉइंटर लावून बांधा, नाहीतर साखळी तुमच्याच दारात तुटेल. जावा असेल तर प्रिझर्व्ह फ्रेम पॉइंटर. दुसरं, उबंटूवर पर्फ इव्हेंट पॅरनॉइड ४ असतो, त्यामुळे पर्फ सुडोशिवाय काही दाखवणार नाही, मग लोकांना वाटतं पर्फच चालत नाही.

@मोकळी_खिडकी, तुम्ही पायथनवाले म्हणून खास: पायथन ३.१२ ला एक्स पर्फ पर्याय देऊन चालवा. त्याने पर्फच्या चित्रात पायथनच्या फंक्शनची खरी नावं येतात, एरवी इंटरप्रिटरची आतली सी फंक्शन्सच दिसतात. हे फ्रेम पॉइंटर असतील तरच नीट जमतं. पायथन ३.१२ आणि फ्रेम पॉइंटर एकाच रिलीजमध्ये आले हा दुग्धशर्करा योग आहे.

जुना_कळफलक

प्रोफायलिंगवरून एक्सझेड या कॉम्प्रेशन टूलची गोष्ट सांगायलाच हवी, थोडं विषयांतर होईल. २९ मार्च २०२४, २४.०४ ची बीटा यायला आठवडाभर उरलेला. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांनी डेबियनच्या अनस्टेबल आवृत्तीवर वेगळंच काहीतरी मोजताना बघितलं की एसएसएचडी उगाच सीपीयू खातोय, लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. लोकांनी हे सोडून दिलं असतं. त्यांनी पर्फ लावला. वेळ एक्सझेडच्याच लिबलझ्मा लायब्ररीमध्ये जाताना दिसला आणि पर्फला तो कुठल्याच सिम्बॉलच्या नावे टाकता येईना. तिथून धागा ओढत गेले आणि एक्सझेड ५.६.० आणि ५.६.१ मधलं बॅकडोअर उघडं पडलं. उबंटूने बीटा ४ एप्रिलवरून ११ एप्रिलला नेली आणि तो कोड आल्यानंतर नोबलसाठी बांधलेली सगळी बायनरी पॅकेजेस टाकून नव्याने बांधली. तरी २५ एप्रिलची रिलीजची तारीख पाळली.

सांगायचं हे की नावाशिवाय जाणारा वेळ कोणाला तरी खटकला म्हणून जग वाचलं. चित्रात अननोनचे ठोकळे पडलेलेच असतात याची सवय झालेल्या माणसाला ते खटकलं नसतं.

रात्रपाळी

हा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. माहीत होती गोष्ट, पण पर्फचा भाग माहीत नव्हता.

कंटेनरवेडा

ठीक आहे, २ टक्क्यांचा मुद्दा मी सोडत नाही, बॅचच्या मशीनवर मोजून बघणार आहे. पण सर्व्हिसेससाठी पटलं.

प्रश्नचिन्ह

एक साधा प्रश्न, २०.०४ वरून थेट २४.०४ वर जाता येतं का?

पाचवी_टॅब

नाही. अपग्रेड एका वेळी एकच एलटीएस, २०.०४ ते २२.०४, मग २२.०४ ते २४.०४. बिल्ड सर्व्हर असेल तर मी अपग्रेड करणारच नाही, नवीन मशीनवर २४.०४ टाकून सगळं स्क्रिप्टने उभं करेन. जे स्क्रिप्टने उभं राहत नाही तेच तर शोधायचं असतं.

मोकळी_खिडकी

मंडळी, धागा वर काढतेय. तीन आठवडे झाले, काय केलं ते सांगते.

बिल्ड सर्व्हर पाचवी_टॅब यांनी सांगितल्याप्रमाणे नवाच उभा केला. डिस्ट्युटिल्स ग्रेप केलं तर अकरा ठिकाणी निघालं, दोन दिवसांत संपवलं. कंटेनरवेडा यांचे तिन्ही मुद्दे जसेच्या तसे आमच्याकडे होते, सेडवालासुद्धा. आता सेडनंतर ग्रेप आहे आणि पत्ता नसेल तर बिल्ड पडतो.

मशीन्सबद्दल: बारापैकी चौघांनी आधी अपग्रेड केलं, मी त्यात. आणि ज्वाळाचित्र यांच्यासाठी खास लिहिते. आमचं एक रात्रीचं काम आहे, मोठ्या सीएसव्ही वाचून डेटाबेसमध्ये टाकायचं. ते हळू आहे हे आम्ही दोन वर्षं धरूनच चाललो होतो, डेटाबेसच हळू आहे असं सगळे म्हणायचो, मीही. एक्स पर्फ देऊन चालवलं, सुडोने पर्फ रेकॉर्ड केलं, फ्लेम ग्राफ काढला. डेटाबेसचा टॉवर बारीकसा एका कडेला. अर्ध्याहून जास्त रुंदी एकाच फंक्शनची, तारीख वाचणाऱ्या. आत बघितलं तर दर ओळीला ते तारखेचा फॉरमॅट नव्याने ओळखत बसायचं, एकामागून एक फॉरमॅट लावून, जमेपर्यंत. अख्ख्या फाइलमध्ये फॉरमॅट एकच असतो! पहिल्या ओळीला ओळखून तोच पुढे वापरला, सात ओळींचा बदल. काम आता मध्यरात्रीच्या आत संपतं आणि सकाळचा रिपोर्ट थांबत नाही.

हे २२.०४ वर सापडलंच नसतं असं मी म्हणणार नाही. पण दोन वर्षं आम्ही बघितलं नव्हतं, आणि बघणं इतकं सोपं झालं म्हणून बघितलं. बाकी आठ जण पुढच्या आठवड्यात हलतायत.

ज्वाळाचित्र

वा! वाचून फार आनंद झाला. तो फ्लेम ग्राफ टीमच्या भिंतीवर लावा.

घाईत_आहे

मोकळी_खिडकी, तुमच्या टीममध्ये अ‍ॅपइमेजचं काय केलंत? मी शेवटी त्या एडिटरसाठी प्रोफाइल लिहिलं आणि सिसकंट्रोल परत १ केलं. स्वल्पविराम विसरलो होतोच :)

मोकळी_खिडकी

@घाईत_आहे, दोन अ‍ॅप्स होती, दोघांची प्रोफाइल्स रेपॉझिटरीतच ठेवलीत, नवीन माणूस आला की सेटअप स्क्रिप्टबरोबर लोड होतात. एकच अडचण उरलीये, अपग्रेडनंतर एका बाहेरच्या रेपोमधलं डेटाबेस क्लायंट पॅकेज अपडेटच होत नाहीये, अ‍ॅप्ट काही एररही देत नाही. कुठे बघू?

पाचवी_टॅब

अपग्रेड करताना बाहेरच्या सगळ्या रेपो मुद्दाम बंद केल्या जातात, म्हणून एरर नाही. सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी मध्ये त्या रेपोची फाइल उघडा, एनेबल्ड नो असं असेल किंवा ओळ कॉमेंट केलेली असेल. ते परत चालू करायच्या आधी सूटच्या जागी जॅमी (२२.०४ चं टोपणनाव) आहे की नोबल ते बघा, जॅमी असेल तर आधी त्या रेपोत नोबल आलंय का ते तपासा आणि मगच बदला.

मोकळी_खिडकी

सापडलं, एनेबल्ड नो आणि सूट जॅमी, दोन्ही. नोबल आहे त्यांच्याकडे. झालं अपडेट, आभार!